लाटेले लावलेलं कुलूप

भिलाईत एकच लाट होती, अन् ती मी बंद पाडली. लोक म्हणून राहिले की मेश्रामचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही. चौतीस वर्षं स्टील प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये काढलेल्या माणसाचं डोकं फिरत नसते, ते हेल्मेटात घट्ट बसलेलं असते. तरी झालं काय ते माझ्याच तोंडून ऐकून घ्या, कावून की शेजारचे भाऊराव आमच्या सगळ्या जुनवानी मोहल्ल्यात जे सांगत फिरून राहिले त्यात मी पाण्यात पडतो असं आहे. मी पाण्यात पडलो नाही. मी अंगणात पडलो.

सुरुवात रविवारच्या फोननं झाली. माझा पोरगा सुगत पुण्याले असते. दर रविवारी सकाळी तो व्हिडिओ कॉल करते, अन् त्यात त्याची पोरगी करिष्मा, वय वर्षं तेरा, दोन मिनिटं दर्शन देऊन जाते. दर्शन म्हणजे कपाळाचं. फोन टेबलावर टेकवून ती दुसरंच काही करत असते, त्यामुळे मले कपाळ अन् पंखा एवढंच दिसते. त्यांच्या घरचा पंखा आता मी कुठंही ओळखीन. माझी बायको कांता गेली त्याले तीन वर्षं झाली, अन् तेव्हापासून ते लोक भिलाईले आलेले नाहीत. भांडण वगैरे काही नाही. सुट्टी नाही, इतकंच. भांडण असतं तं मिटवता तरी आलं असतं.

तं त्या रविवारी सुगत म्हणाला की बुद्धपौर्णिमेले जोडून चार दिवस सुट्टी मिळून राहिली आहे. सूनबाईले तिच्या ऑफिसातून सुट्टी नाही, पण बापलेक कुठंतरी जाणार. भिलाई नाही तं समुद्र. करिष्माले दिवाळीपासून पाण्याच्या लाटेवर फळी घेऊन उभं राहायचा नाद लागलेला. ती टेबलावरूनच म्हणाली, "आबाजी, भिलाई में करने को है क्या?" तिची आई रायपूरची, म्हणून पोरगी पुण्यात राहूनही आमच्याशी हिंदीच बोलते.

आता ह्या प्रश्नाले कोणताही शहाणा आजा म्हणाला असता की बाई, खीर आहे, आंबे आहेत, कूलर आहे. माझ्या तोंडून निघालं, "लाट आहे."

तिनं फोन उचलला. तीन वर्षांत पहिल्यांदा मले तिचं पूर्ण तोंड दिसलं. दातांले तार लावली होती, ते मले कोणी सांगितलंच नव्हतं. "सच्ची?" म्हणे.

मी काही खोटं बोललो नव्हतो. आमच्या चौकात हे मोठं होर्डिंग लागलं होतं. जामुलच्या बाजूले नवीन वॉटर पार्क, उद्घाटन बुद्धपौर्णिमेच्या शुक्रवारी, अन् त्यात यंत्रानं तयार होणारी सर्फिंगची लाट. वर एक परदेशी पोरगा फळीवर उभा, खाली पार्टनर लोकांचे हात जोडलेले फोटो. मी रोज दूध आणायले त्याच्या खालून जातो. अर्ध्या तासात सुगतनं तिकिटं काढली. शुक्रवारी दुपारी रायपूरले विमान, सोमवारी परत.

मी गादी उन्हात टाकली. कूलरले नवीन गवत बसवलं. दूधवाल्याले शुक्रवारचं तीन लिटर सांगितलं, तं तो दोनदा म्हणाला, "तीन?" एकट्या माणसानं तीन लिटर दूध सांगितलं की लोक चौकशी करतात. मी त्याले नातीचं सगळं सांगितलं. नंतर पेपरवाल्याले सांगितलं. पेपरवाल्यानं काही विचारलेलं नव्हतं.

सोमवारी सुगतचा पुन्हा फोन आला. सोमवारी फोन आला की मी आधी खुर्चीवर बसून घेतो. पण त्याले एवढंच विचारायचं होतं की बाबा, ते वॉटर पार्क सेफ आहे ना. हा प्रश्न त्यानं कोणाले विचारला हे जरा ध्यानात घ्या. ज्याच्या कपाटावर शून्य अपघात वर्षाचे तीन कप आहेत त्या माणसाले, सख्ख्या पोरानं! मी म्हटलं, उद्या स्वतः जाऊन तपासतो अन् लेखी कळवतो. तो म्हणे लेखी नको बाबा, हो की नाही तेवढं सांगा. आजकालच्या पोरांले कागदाची किंमत नाही.

मंगळवारी मी पूर्ण तयारीनं निघालो. हेल्मेट, सेफ्टी शूज, टेप, टॉर्च, शिटी, रजिस्टर. अन् थैलीत माझं कुलूप अन् माझा लाल टॅग. हे काय असते ते सांगतो. प्लांटमध्ये रीत आहे की कोणत्याही मशीनमध्ये हात घालायच्या आधी तिचा स्विच बंद करायचा, त्यावर आपलं स्वतःचं कुलूप लावायचं अन् लाल टॅग अडकवायचा. टॅगवर आपला फोटो, नाव, नंबर. चावी आपल्या खिशात. काम झालं की ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग तो जनरल मॅनेजर का असेना. रिटायर होताना मी सगळं सामान जमा केलं, हे एक केलं नाही. का केलं नाही ते विचारू नका.

भाऊराव दारातच भेटले. हे रेल्वेत गार्ड होते, नागपूरकडचे. सारी जिंदगी दुर्ग लाइनवर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेली, त्यामुळे त्यांले कोणतीही गोष्ट निघून गेल्यावरच दिसते. पण सल्ला ते आधी देतात. म्हणाले, मेश्राम साहेब, पाणी तपासायले हेल्मेट कावून? मी म्हटलं, सवय. ते म्हणाले, मग छत्रीही घ्या.

वॉटर पार्कच्या गेटवर मालकाचा पोरगा अभिनव उभा होता. काळा चष्मा, पांढरे बूट, वय असेल तीस. त्यानं माझं हेल्मेट पाहिलं, रजिस्टर पाहिलं, अन् धावत आला. "आइए सर, आइए." त्याचा समज झाला की मी सरकारी तपासणीवाला आहे. इथं माझी एक चूक झाली ती मी कबूल करतो. मी तिथंच सांगायले पाहिजे होतं की बाबा रे, मी फक्त एका पोरीचा आजा आहे. पण रिटायर होऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून मले कोणी सर म्हणालं नव्हतं. अंकल म्हणतात, दादाजी म्हणतात, बँकेतली पोरगी तं "नेक्स्ट" म्हणते. म्हणून मी नुसतं "हूं" म्हणालो. हूं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

मग मी जे पाहिलं ते पाहा. भिंतीवर लिहिलेलं, खोली तीन फूट. टेप टाकला, साडेचार. बुडणाऱ्याले फेकायचे ट्यूब होते, पण उद्घाटनासाठी त्यांले प्लास्टिकची फुलं गुंडाळून तारेनं खांबाले पक्कं बांधलेलं. माणूस बुडत असताना आधी पक्कड शोधा. प्रथमोपचाराच्या पेटीत अगरबत्ती अन् काडीपेटी. पाण्यावर नजर ठेवायले एकच पोरगी, जया, खुर्सीपार वस्तीतली, राज्य पातळीवर पोहलेली, अन् तलाव चार. मी विचारलं की ही एका तलावावर असताना बाकीच्या तिघांवर कोण पाहते? अभिनव म्हणाला, सीसीटीव्ही. सीसीटीव्ही कोण पाहते? म्हणे, जया. जयानं माझ्याकडं पाहून फक्त खांदे उडवले. मी सगळं रजिस्टरात लिहून घेतलं. हात असा चालत होता की काय सांगू, चार वर्षांत इतकं सुंदर अक्षर आलं नव्हतं.

शेवटी लाट. हे प्रकरण साधं आहे. खाली एक टाकी, तिच्यातून मोठाले पंप पाणी ओढतात अन् वरून उतारावर सोडतात. पाणी जोरात धावते, पोरं त्यावर फळी घेऊन उभी राहतात. पडली की घसरत खाली टाकीत. अन् त्याच टाकीत पंपाचं पाणी ओढायचं तोंड, त्यावर लोखंडी जाळी. माझं लक्ष जाळीवरच गेलं. लोक लाट पाहतात, सेफ्टीवाला जाळी पाहते.

पंप चालवणारा माणूस धोंडबा. प्लांटमध्ये ठेक्यावर वीस वर्षं काम केलेला. मले पाहिल्या पाहिल्या "जय भीम साहेब" म्हणाला. मी ओळखलं नाही. तो म्हणे, मी पण तुमाले नाही ओळखलं, तुमचे बूट ओळखले. मी त्याले पंप बंद करायले लावला, स्विचवर माझं कुलूप घातलं, टॅग अडकवला, पँट गुडघ्याच्या वर घेतली अन् टाकीत उतरून जाळी चाचपली. आठ भोकं, बोल्ट सहाच. एका कोपऱ्यात जाळी इतकी उचललेली की माझी चार बोटं आत गेली. मी वर येऊन लाल शाईनं लिहिलं, अन् अभिनवले दाखवलं. तो म्हणाला हो सर, लगेच करून घेतो सर, आधी जेवून घ्या सर.

अन् इथं दुसरी चूक झाली. मी जेवायले बसलो. टेबल-खुर्ची, भात, डाळ, तळलेली मासोळी, वाढायले माणूस, समोर अभिनव. कोणासमोर बसून जेवलो त्याले किती महिने झाले होते देव जाणे, अन् आम्ही तं देवही मानत नाही. मी त्याले प्लांटच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. तो दर वाक्याले "क्या बात है सर" म्हणे. दोन तास गेले. मग मी हात धुतले, ऑटोत बसलो अन् मोठ्या खुशीत घरी आलो.

कुलूप तिथंच राहिलं. चौतीस वर्षांत जे एकदाही झालं नाही ते एका मासोळीनं झालं.

बुधवारी दुपारी धोंडबा सायकल हाणत माझ्या दारात. उन्हानं तोंड लालबुंद. त्याले पाणी दिलं, बसवलं, तेव्हा त्यानं रामायण सांगितलं. सकाळी अभिनवले पाहुण्यांसमोर लाट चालवून दाखवायची होती. धोंडबा म्हणाला, टॅग लागला आहे. ज्यानं लावला त्याले बोलवा. अभिनवनं सरकारी ऑफिसात फोन केला, ते म्हणाले आमचा कोणी आलाच नाही. मग टॅगवरचा प्लांटचा जुना नंबर लावला. तिथं कोण्या नव्या पोरानं उचलला अन् म्हणाला, राजकुमार मेश्राम नावाचं इथं कोणी नाही. कधी होतं का, ते पाहावं लागेल.

धोंडबानं हे सहज सांगितलं. मी उठलो अन् त्याच्यासाठी पाणी आणायले गेलो. त्याचा ग्लास भरलेलाच होता. मले ते लागलं, खोटं कावून बोलू. चौतीस वर्षं, तीन कप, अन् पाहावं लागेल.

शेवटी धोंडबानं खुर्सीपारच्या विहारात विचारलं, सेफ्टीवाले मेश्राम कुठं राहतात. तिसऱ्या माणसानं पत्ता दिला. मी त्याले म्हटलं, "अरे, कटरनं कापून टाकायचं होतं कुलूप. दोन मिनिटाचं काम."

तो म्हणाला, "दोन मिनिट पण नाही लागत साहेब. पण टॅगवर माणसाचा फोटो असते. तो माणूस आतमंदी आहे का बाहीर, हे मले काय मालूम? मी त्यायले सांगतलं, कापा, पण मंग पंप तुमीच चालवा."

त्या साऱ्या गावात माझ्या नावाले कोणी किंमत दिली असेल तं ती ह्या धोंडबानं. मी चावी घेतली अन् त्याच्याबरोबर निघालो. मनात एकच, कुलूप काढायचं, माफी मागायची, परवा पोरगी येऊन राहिली.

अभिनवनं मले पाहिलं अन् चष्मा काढला. आज सर नाही. आज "अंकल". अंकल, हे काय लावलं तुम्ही, आप हो कौन, अंकल? मासोळी वाढणारा माणूसही कमरेवर हात ठेवून उभा. मी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं, कावून की चूक माझी होती. मग स्विचजवळ गेलो, चावी कुलुपात घातली, अन् जुन्या सवयीनं तोंडातून निघालं, "बोल्ट बसले?"

बसले नव्हते. त्या मापाचे इथं मिळत नाहीत, बाहेरून येणार, आठ-दहा दिवस. अभिनव म्हणे सहा आहेत ना, सहा बहुत होते हैं. मी चावी फिरवली नाही. मग त्यानं विचारलं की अंकल, तुम्हाले हे सगळं करायचं कारण काय, अन् मीही सांगून टाकलं, नात येणार आहे, तिच्यासाठी आलो होतो. तो एकदम नरम झाला. वाईट पोरगा नाही तो. म्हणाला, मग तं झालंच. पहिली लाट तिचीच. तिच्या हातानं फीत कापू. तुम्ही फक्त चावी फिरवा.

मी कबूल करतो की मी हिशेब केला. आठातले सहा म्हणजे पंचाहत्तर टक्के. आमच्या वेळी पंचाहत्तर टक्क्यांले डिस्टिंक्शन मिळे. अन् करिष्मा काही लहान नाही, समजदार आहे, त्या कोपऱ्यात जाणार नाही. अन् तीन वर्षं. अन् तारेचे दात. चावी फिरवायले काय लागते?

जया बाजूले उभी होती. तिनं कोणी न विचारता, हळूच सांगितलं की मागच्या आठवड्यात ट्रायल घेताना एक टॉवेल टाकीत पडला. पाण्यानं ओढत त्या कोपऱ्यात नेला अन् अर्धा आत घेतला. तिनं अन् धोंडबानं दोघांनी मिळून ओढला, निघाला नाही. पंप बंद केला तेव्हा निघाला. तिनं तो टॉवेल दाखवला नाही, अन् मी मागितलाही नाही. करिष्माचे केस कमरेपर्यंत आहेत.

मी चावी काढून खिशात ठेवली. म्हटलं, "बोल्ट बसल्यावर बोलवा. मी येतो."

अभिनव ओरडला, वडलांले फोन लावला, पोलिसात जाईन म्हणाला. धोंडबानं स्टूल ओढला अन् स्विचच्या समोर बसून बिडी काढली. शेवटी असं ठरलं की शुक्रवारी बाकी पार्क उघडेल अन् लाटेवर ताडपत्री राहील. मी गेटातून निघालो तेव्हा एक पेंटर बोर्डवरच्या लाटेवर "जल्द आ रहा है" लिहायले शिडी लावून राहिला होता.

घरी येऊन मी भाऊरावांले सगळं सांगितलं, कावून की सांगायले दुसरं कोणी नव्हतं. भाऊराव क्षणभरही निराश झाले नाहीत. लाट पाण्यातच आली पाहिजे असा काही कायदा आहे का गा, म्हणाले. त्यांचे पर्याय ऐका. पहिला, तलावात फळी टाकायची, तिले दोर बांधायचा, अन् काठावरच्या पाळीवरून मोटरसायकल पळवायची. मी विचारलं, पाळ संपली की? ते म्हणाले, तेव्हा पाहू. दुसरा, केळीच्या खोडांचा तराफा. तिसरा, अंगणात प्लास्टिक अंथरून साबणाचं पाणी. चौथा मात्र बरा होता, अन् तो मीच काढला. जाड पाइपाचा तुकडा आडवा ठेवायचा, त्यावर फळी, अन् फळीवर तोल सांभाळत उभं राहायचं. सर्फिंगवाले पोट्टे जमिनीवर असाच सराव करतात, हे मी मोबाईलवर पाहिलं होतं. पाणी नाही, बुडायची भीती नाही, जाळी नाही.

पाइप माझ्याकडं होता, फळी भाऊरावांनी दिली. तपासणी केल्याशिवाय पोरीले त्यावर उभं करणं बरोबर नाही, म्हणून आधी मीच चढलो, हेल्मेट घालून. भाऊरावांनी रेल्वेची हिरवी झेंडी आणली अन् शिटी वाजवली. वास्तविक शिटीची गरज नव्हती. मी तीन सेकंद उभा राहिलो. एक, दोन, तीन. बापा, काय मजा वाटली! चौथ्या सेकंदाले पाइप एका बाजूले गेला, फळी दुसऱ्या बाजूले, अन् मी उजव्या हातावर. हाच तो पडल्याचा खरा प्रसंग. समोरच्या घरातल्या खुशबूताईंनी खिडकीतून विचारलं की काका, काही चाललं आहे का? मी जमिनीवरूनच म्हटलं, नाही, टेस्टिंग.

मनगट सुजलं. भाऊरावांनी हळद गरम करून बांधली, अन् बांधता बांधता सगळ्यात खतरनाक सल्ला दिला. "पोरीले सांगूच नका. येऊ द्या. आली की मंग सांगा. गाडी सुटल्यावर कोणी उतरत नसते."

हा सल्ला वाईट होता असं मी म्हणणार नाही. चार दिवस हो. ती रुसली असती, पण रुसून तरी माझ्याच घरात बसली असती. खीर खाल्ली असती. दातात अडकली असती. मी संध्याकाळभर त्या गादीकडं पाहत बसलो अन् भाऊराव म्हणतात तेच करावं असं ठरवून टाकलं. पूर्ण ठरवलं होतं. पण मग वाटलं, अभिनवमध्ये अन् माझ्यात फरक तो काय राहिला? त्यानं बोल्ट लपवायचे, मी ताडपत्री लपवायची.

गुरुवारी सकाळी मी स्वतः फोन लावला. करिष्मानंच उचलला. बॅग भरून राहिली होती. मी म्हटलं, "पोरी, लाट बंद आहे."

"किसने बंद की?"

"मी."

मी तिले जाळी सांगितली, टॉवेल सांगितला. मग मी घाईघाईनं बाकीचं सांगायले लागलो. पार्कात जया म्हणून पोहणारी पोरगी आहे, ती तुले बुडणाऱ्याले बाहेर कसं काढायचं ते शिकवीन म्हणते, अन् हे पाहा, आपल्याकडं दुसरी सोय आहे. फोन खिडकीत टेकवला अन् एका हातानं भिंत धरून पुन्हा फळीवर चढलो. ह्यावेळी दोनच सेकंद, अन् फोनच्या चौकटीतून गायब. ती इतकी हसली की मले वाटलं जमलं. मग हसू थांबलं अन् तिनं बाजूले बापाकडं पाहिलं. काही वाकडं बोलली नाही, पोरगी चांगल्या वळणाची आहे. पण ते पाहणं मले दिसलं.

सुगत फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. हळू आवाजात म्हणाला, बाबा, ती सहा महिन्यांपासून लाटेचंच बोलून राहिली, चार दिवस तिथं तिनं काय करायचं? आम्ही गाडीनं समुद्रावर जाऊन येतो. दिवाळीले नक्की. मी म्हटलं, बरोबर आहे, जा. त्या वेळी तो काहीही म्हणाला असता तरी मी बरोबरच म्हणालो असतो. रडायले येत होतं, पण कॉल व्हिडिओचा होता.

दूधवाल्याले सांगितलं, अर्धा लिटरच. त्यानं काही विचारलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी फोन वाजला. करिष्मा. रविवार नाही, बाप बाजूले नाही, पोरीनं आपल्या मनानं लावलेला. "आबाजी, वहाँ जाके क्या-क्या चेक करने का? बताओ, मैं लिखती हूँ."

मी रजिस्टर उघडलं. तिच्यासाठी मंगळवारीच एक पान तयार केलं होतं, अकरा रकाने. यंत्राच्या लाटेसाठी होतं, ते समुद्राले जुळवून घेत एक एक करून सांगितलं. पाण्याची ओढ कोणत्या बाजूले आहे ते आधी काठावर उभं राहून पाहायचं. ओढीत सापडलं तं तिच्या उलटं पोहायचं नाही, आडवं निघायचं. फळीचा पट्टा पायाले बांधलेला पाहिजे, पण एका झटक्यात सुटला पाहिजे. केस बांधायचे. शिकवणाऱ्याले विचारायचं की तू शेवटचं कोणाले वाचवलं, अन् कसं. ती मध्ये मध्ये "धीरे, आबाजी" म्हणे, अन् मी धीरे धीरे सांगे. पाऊण तास. तिच्या पेनाचा आवाज मले इकडं ऐकू येत होता.

शेवटचा रकाना आला. मी म्हटलं, "अकरावं लिही. पाण्याबाहेर एक माणूस उभा पाहिजे. त्याले दुसरं काही काम नसलं पाहिजे. फोन नाही, गप्पा नाही. तू पाण्यात आहे तोवर त्यानं फक्त तुझ्याकडं पाहत राहायचं. त्याचं नाव आधीच लिहून ठेवायचं."

ती हसली. "इतना फ्री आदमी कहाँ मिलेगा आबाजी?" मग थोडा विचार करून म्हणाली, "पापा का नाम लिख दूँ?"

मी म्हटलं, "लिही. अन् त्याले सांग, फोन गाडीत ठेव."

तिनं लिहिलं. थँक यू म्हणाली, बॅग बंद करायची आहे म्हणाली, अन् फोन ठेवला.

माझ्याकडच्या पानावर अकराव्या रकान्यात मंगळवारीच राजकुमार मेश्राम असं लिहून झालेलं होतं. ते खोडलं अन् वर सुगत लिहिलं. खाडाखोड केली की बाजूले सही करावी लागते, नाही तं कागद धरत नाहीत. मनगट सुजलेलं, सही वाकडी आली. तरी केली, अन् खाली तारीख टाकली.